इंजिन बंद पडलं तेव्हा

पळस्पे फाट्यावर ट्रकांचे हॉर्न वाजत होते, आणि त्या सगळ्या कल्लोळात मला एक ओळखीचा आवाज ऐकू आला. विमानाचं इंजिन! आकाशात नाही... गॅरेजांच्या मागे, जमिनीवर.

स्कूटी तिथेच लावून मी आवाजामागे गेले. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी चौकटीवर छोट्या विमानाचं इंजिन बसवलेलं, पुढे पंखा, पंख्याभोवती जाळी. शेजारी एक उंच तरुण कपाळाला आठ्या घालून उभा. इंजिन नुसतं खोकत होतं.

"पेट्रोल जास्त जातंय!" मी ओरडले.

त्याने वळून पाहिलं—आणि पाहतच राहिला. "तुम्ही मेकॅनिक?"

"पायलट. म्हणजे... होणार होते."

तो देवेश, खांदा कॉलनीतला. विमानांची देखभाल शिकणाऱ्या मुलांना शिकवायचा. हे जुनं इंजिन त्यांच्या सरावासाठी होतं. मी भाविका, बेलपाड्याची. शेवटच्या परीक्षेआधीच फ्लाइंग स्कूलमधून घरी निघून आलेली. का, ते मी त्याला चहा पिताना सांगितलं. उंचावर हवा विरळ होते, म्हणून लाल मूठ ओढून पेट्रोल कमी करायचं असतं. मी एकदा ती जास्तच ओढली... आणि इंजिन हवेतच गप्प झालं. सरांनी लगेच मूठ आत ढकलली, ते पुन्हा सुरू झालं. पण तेव्हापासून माझा हात त्या मुठीकडे जाईना.

"रोज सरावाला येशील?" देवेशने विचारलं आणि जीभ चावली. "म्हणजे... याल?"

"येशील चालेल."

मी रोज जाऊ लागले. कानांवर जाड इअरमफ, बोटं तशाच लाल मुठीवर. हळूहळू ओढायची... इंजिनाचा वेग किंचित चढतो, मग ते थरथरू लागतं. तेवढ्यात जराशी आत सारायची. डोळे वेगाच्या काट्यावर ठेव, असं देवेश खुणावायचा. तुझे कुठे आहेत, असं मी खुणेनेच विचारायचे... तो लाजायचा.

मी परीक्षेसाठी फ्लाइंग स्कूलला परत निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "आज शेवटपर्यंत ओढ. बंद पडू दे."

इंजिन गरजत होतं. देवेश माझ्या मागे उभा राहून काहीतरी बोलत होता. मला ऐकू येणार नाही याची त्याला खात्री होती. मी डोळे मिटले आणि मूठ पूर्ण ओढली. इंजिन एकदम थांबलं—

"—खूप आवडतेस, भाविका!"

त्याचा आवाज पार शेजारच्या गॅरेजपर्यंत गेला. तिकडून कुणीतरी शिट्टी मारली. देवेशला कुठे बघावं कळेना.

मी इअरमफ काढले. "उत्तर परीक्षेनंतर देईन."

"आणि नापास झालीस तर?"

"तरी देईन. फक्त रडत देईन."

परीक्षेच्या दिवशी पुरेसं वर पोचल्यावर परीक्षकांनी नुसती मुठीकडे खूण केली. मी मूठ ओढली, कान दिले, थोडी परत सारली. इंजिन मजेत गुणगुणू लागलं... आणि मीही.

उतरल्याबरोबर फोन लावला. "पास!"

पलीकडे जल्लोष. मग हळूच, "आणि... दुसरं?"

"रविवारी पनवेल स्टेशनवर ये. मला घरी सोड. बाबांना कालच सांगितलंय."

"काय म्हणाले?"

"'पोराला जेवायला आन, दारातनं परत पाठवू नको. आमी बी बघतो कोन हाय तो.'"

"म्हणजे... हो?"

"हो," मी म्हणाले, आणि धावपट्टीच्या कडेच्या गवतात फतकल मारून बसले. वर इंजिन सांभाळतानाही मी इतकी गडबडले नव्हते!