सोजराबाईचं मांजर कुठे झोपतं?

"चोर मले आज दिवे लागाच्या आत पाह्यजे," संस्थेचे अध्यक्ष शंकरराव कडाडले. "नाईतर हा तौसिफ उद्यापासून घरी!"

वरवट बकालच्या कापूस संस्थेच्या त्या खोलीत खिडकीतून कापसाची पिंज तरंगत येत होती. उन्हात चमकत होती आणि कुठेच उतरायची घाई नसल्यासारखी हवेत पोहत होती. इतक्या सुंदर दुपारी कुणी कुणाला चोर कसं म्हणू शकतं!

खोलीत एक संगणक होता. शेतातल्या सापळ्यांत बोंडअळीचे किती पतंग अडकले, ते तो रात्रभर गोळा करायचा आणि पहाटे गावाला मोबाइलवर इशारा धाडायचा. चालायचा सौर बॅटरीवर. पण दिवाळीपासून बॅटरी पहाटेआधीच मान टाकत होती आणि इशारा जात नव्हता. रात्रीची राखण तौसिफकडे, म्हणून वीजचोरीचा आळही त्याच्यावरच.

शंकररावांनी बोलावलेली मलकापूरची खासगी गुप्तहेर अमीना खोलीत शिरली, तेव्हा तिचे सोबती, बियाणेवाले भागवतभाऊ, सरळ खुर्ची गाठून बसले.

"आपा, कसम से, मी वीज नाही चोरली," तौसिफ पुढे येत म्हणाला. "पडद्यावर पाहा ना."

पडद्यावर होतं: 'नेटवर्क कार्ड – वीजबचत चालू.'

"म्हणजे काय बे?" भागवतभाऊंनी विचारलं.

"काही धाडाचं नसलं की हे कार्ड न् तारेच्या त्या टोकाचा, इशारा पुढे धाडणारा डबा, दोघंही डुलकी घेतात," तौसिफ म्हणाला. "त्यानं वीज वाचते. बॅटरी त्याच हिशेबानं लहान घेतली."

"मशीन झोपते न् वीज जाते," शंकरराव म्हणाले. "मंग खाते कोण? हाच मोबाइल चार्ज करून देत असन गावाले!"

अमीनाने बॅटरीजवळचा एकुलता एक रिकामा सॉकेट पाहिला. त्याच्या तिन्ही भोकांत पिंज घट्ट बसली होती.

झाडलोट करणाऱ्या सोजराबाई दारात होत्या. त्यांचं भुरं मांजर तारेच्या टोकाच्या त्या डब्यावर अंगाचं वेटोळं करून गाढ झोपलं होतं.

"मावशी, हे इथंच झोपते का?" अमीनाने विचारलं.

"पह्यले कापसाच्या ढिगावर झोपे, माय. दिवाळीपासून इथून हालत नाही. मी त उचलून उचलून थकली."

अमीना शंकररावांकडे वळली. "डबा हाच होता का आधीपासून?"

"नाई. दिवाळीले मीच बदलला. पह्यलेचा खराब झालता. घडी घडी त्याचे दिवे विझत. हा पाहा कसा टक्क जागा हाय! जुना पडला हाय माह्या घरी."

भागवतभाऊ खिडकीतून शेतांकडे पाहत होते. "बीटीचं अळीमार बियाणं असून अळी आली काऊन, तेच समजत नाही. बिगर-बीटीचं छोटं पाकीट मी देल्लं प्रत्येकाले. अळीले बीटीची सवय होऊ नये म्हणून बांधाच्या कडेनं लावाचं असते ते. कृषी खात्याच्या साहेबाले मी सांगतलं, सगळ्यांनी लावलं."

"पाह्यलं तुम्ही?"

"पाहाचं काय त्यात? पाकीट देल्लं म्हणजे लावलंच!"

अमीना एकदम हसली. तिचे डोळे पिंजेसारखे चमकले.

"भागवतभाऊ, तुम्ही केस सोडवली!"

"मी? कवा?"

"आत्ता! चोर कुणीच नाही. सॉकेटच्या भोकांत पिंज बसली आहे, म्हणजे कित्येक दिवसांत तिथं कुणी काही लावलंच नाही. तौसिफ सुटला."

"मंग वीज?"

"मांजराला विचारा. झोपलेला डबा गार पडतो. हा रात्रंदिवस गरम आहे, म्हणून कापूस सोडून ते इथं आलं. डुलकी दोन्ही टोकांनी कबूल केली तरच लागते. जुन्या डब्याला ती येत होती, म्हणून त्याचे दिवे विझत. काका, तुम्ही झोपलेल्याला मेलेला समजलात न् ज्याला झोपच माहीत नाही, असा आणून बसवला! मग कार्डालाही रात्रभर जागं राहावं लागलं."

शंकररावांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "अन् पडद्यावर चालू कसं?"

"ते ड्रायव्हर सांगतो, म्हणजे कार्डाची खबर संगणकाला देणारा प्रोग्राम. त्याला हुकूम दिला, 'वीजबचत चालू कर.' विचारलं की तो हुकूमच परत ऐकवतो. समोरच्या डब्यानं मानलं का, हे त्यानं कधी पाहिलंच नाही. पाकीट देल्लं म्हणजे लावलंच!"

भागवतभाऊंचे कान लाल झाले.

अमीनाने ड्रायव्हरमध्ये दोन ओळी घातल्या: आधी समोरच्याला विचार, मग बोल. पडदा लुकलुकला: 'वीजबचत – मागितली, मिळाली नाही.'

"या अल्ला, आता खरं बोलला!" तौसिफ ओरडला.

शंकररावांनी स्वतः घरून जुना डबा आणला, तार जोडली. थोड्या वेळानं डब्याचा एकेक दिवा पापणीसारखा मिटला. पडद्यावर आलं: 'मागितली, मिळाली.'

"तौसिफ," शंकरराव दुसरीकडे पाहत पुटपुटले, "रात्री ये बापा राखणीले."

"हाव, काका!"

भागवतभाऊंनी स्कूटरची चावी उचलली. "मी जरा बांधाबांधानं जाऊन येतो. इचारतो, लावलं का म्हणून."

मांजराने परत आलेल्या जुन्या डब्यावर पंजा ठेवून पाहिला. डबा गारच होता. नाराजीने शेपटी उडवून ते खाली उतरलं आणि पिवळ्या उन्हातून, पिंजेतून, आपल्या कापसाच्या ढिगाकडे चालू लागलं.