एल्सीची शेगडी

"शेगडी पेटवायची, कोळशानं नीट पेट घेतला की निघून यायचं. तिच्यासमोर बसायचं नाही."

हा आमच्या घरचा नियम. का, असं विचारायचं नाही. विचारलं की आई ताटातल्या बटाट्याकडे बघायची, बाबा खिडकीबाहेर बघायचे, आणि नेटा आत्या फणकारायची, "ॲबर्डीनला जाऊन चार बुकं शिकलीस, म्हणून प्रत्येक गोष्टीला 'का' चिकटवायचा?"

एल्सी माझी थोरली बहीण. तिचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी खालच्या आळीतलं आजोबांचं घर तिला दिलं. लग्नाला महिना उरला असताना ती होणाऱ्या नवऱ्याबरोबर शेवंडीचे पिंजरे उचलायला समुद्रात गेली. होडी परत आली नाही. त्याचा देह वाळूवर लागला. एल्सीचा कधीच मिळाला नाही. मी तेव्हा शाळेत होते.

तेव्हापासून ते घर तसंच आहे. दर शनिवारी तिथे शेगडी पेटवायची. आधी आई जायची. तिचे गुडघे गेल्यापासून मी जाते.

किल्ल्यांचं काम मला नवीन नाही. खालच्या आळीतली बाकीची घरं एकेक करून एडिनबरा-लंडनच्या लोकांनी घेतली. ते उन्हाळ्यात येतात, धक्क्यावर सीगल पक्ष्यांना चिप्स खाऊ घालतात आणि थंडी पडली की जातात. त्यांच्या चादरी धुणं आणि पाइप गोठले नाहीत ना हे बघणं, ही माझी नोकरी. मासळीबाजाराचं कॅफे झालं, तेही हिवाळ्यात बंद असतं. शाळेत इतकी कमी मुलं उरलीत की सगळी एकाच वर्गात बसतात. रॉरी म्हणतो, "आपल्या गावात माणसांपेक्षा किल्ल्या जास्त आहेत, मोर्व्हेन."

मोर्व्हेन म्हणजे मी. रॉरी माझा जोडीदार. तो समुद्रातल्या पवनचक्क्यांवर माणसं नेणाऱ्या बोटीवर काम करतो, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. घर म्हणजे फुटबॉलच्या मैदानामागची कॅरव्हॅन, चाकांवरची एक खोली. तिच्या भिंतींना आतून पाणी सुटतं, गादीखाली बुरशी धरते. जानेवारीत मला बाळ होणार होतं. मुलगी. हे फक्त रॉरीला आणि मला ठाऊक होतं.

उन्हाळ्यातच मी बाबांना विचारलं होतं, "ते घर आम्हाला द्या ना. पडूनच आहे."

"पडून नाही. एल्सीचं आहे."

"एल्सी मेली, बाबा."

आईनं कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला. "तोंड सांभाळ," ती म्हणाली. बस्स, विषय संपला.

खरं सांगते, मला मेलेल्या बहिणीचा हेवा वाटायचा. जिवंत होती तेव्हाही वाटायचा. तिचा आवाज गोड, तिचे केस तांबूस, शेगडीजवळची खुर्ची तिची. मी चुकून बसले तर ती पाठीमागून येऊन गार बोटं माझ्या मानेवर टेकवायची आणि म्हणायची, "ऊठ. माझी जागा आहे." मला वाटलं होतं, ती गेल्यावर तरी जागा होईल. उलट झालं. ती गेली आणि सगळंच तिचं झालं. भिंतीवरचा फोटो तिचा, आईचे उसासे तिचे, चार दगडी भिंती, कोरडं छप्पर आणि उबदार शेगडीही तिची. मी जिवंत आहे, एवढाच माझा गुन्हा.

नोव्हेंबरातला तो शनिवार. दुपार उलटत होती आणि आमच्याकडच्या हिवाळ्याच्या रीतीप्रमाणे तेव्हाच उजेड मावळायला लागला होता. मी एल्सीच्या घरात गेले, काटक्या रचल्या, कोळसा घातला. आळीत एकही दिवा नव्हता. घरांच्या पाठीवर लाटा आपटत होत्या. कोळशानं पेट घेतला. आता निघायचं. माझी कंबर मोडून आली होती, पायांना सूज होती, आणि वर ती ओली कॅरव्हॅन माझी वाट बघत होती.

शेगडीसमोर दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक आमच्या घरून आणलेली, एल्सीची. मी तिच्या खुर्चीत बसले. मुद्दाम तिच्याच. बूट काढले, पाय आगीकडे लांब केले. पोटात पोरीनं लाथ मारली आणि मला हसू आलं. मी मोठ्यानं म्हणाले, "बघ एल्सी. बसले."

ऊब हळूहळू हाडांत शिरली. माझा डोळा लागला असावा.

जाग आली ती वासानं. ओल्या लोकरीचा वास, त्याखाली शेवाळाचा. कोळसा लालभडक होता, पण माझ्यापर्यंत ऊब येत नव्हती. ज्वाळा सगळ्या एका बाजूला झुकल्या होत्या, दुसऱ्या खुर्चीकडे. दारं-खिडक्या बंद होत्या. वारा नव्हता. त्या खुर्चीवर कुणी दिसत नव्हतं, पण तिची वेताची बैठक मधोमध दबलेली होती...

मग ती बैठक वर आली. हळूच, करकरत. कुणीतरी उठल्यासारखी.

माझ्या मानेवर गार बोटं टेकली.

मी हलले नाही. भीती वाटली नाही असं नाही, पण भीतीच्या आधी राग आला. तोच जुना, लहानपणीचा. मी म्हणाले, "घर तुला मिळालं. आई-बाबा तुला मिळाले. अजून काय हवंय तुला?"

बोटं मानेवरून खांद्यावर आली. खांद्यावरून दंडावर. मग संपूर्ण तळवा, बर्फासारखा, माझ्या पोटावर पसरला... आणि आतली पोर, जी दिवसभर उड्या मारत होती, एकदम थांबली.

मी उठले. बूट हातात घेतले आणि पळाले. पायऱ्यांच्या वाटेनं अनवाणी वर चढले. सगळ्या वाटेत एक हात पोटावर होता आणि आत काहीही हलत नव्हतं.

आई-बाबांच्या स्वयंपाकघरात दिवा होता. धुरवलेल्या हॅडॉक माशाचं सूप उकळत होतं. बाबा, आई आणि नेटा आत्या टेबलाभोवती बसले होते. माझीच वाट बघत असल्यासारखे. आईच्या हातात विणकाम होतं, बोटभर लांबीच्या बाह्यांचा निळा स्वेटर.

"बसलीस," आत्या म्हणाली. विचारलं नाही तिनं.

"पोर हलत नाहीये," मी म्हणाले. "डॉक्टरला बोलवा. गाडी काढा, बाबा!"

"हलेल," बाबा म्हणाले. "आधी बस. घाबरू नकोस. आम्ही ठरवलंय, ते घर तुला द्यायचं. तुला आणि रॉरीला. कायमचं."

किती वर्षं हे वाक्य ऐकायची मी वाट बघत होते.

"फक्त नाव," आई म्हणाली. सुया चालूच होत्या. "एल्स्पेथ ठेवायचं, एल्सीचं पूर्ण नाव. आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव ठेवतातच."

"मुलगी आहे हे तुला कोणी सांगितलं?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी बावळट विचारलं होतं. "एल्सीनं. कधीपासून सांगतेय."

"आणि शेगडी?"

"ती काकडून येते गं," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "आठवडाभर त्या पाण्यात असते. शनिवारी तेवढं शेकते, मग तिला परत जावं लागतं. मोर्व्हेन, तिला हक्काची जागा मिळाली, तर परत जावं लागणार नाही."

"जागा," मी म्हणाले. "माझ्या पोटात?"

"तुझ्याच घरात वाढेल ना," आत्या म्हणाली. "तुझीच म्हणवेल. गावात पोरं उरली नाहीत. एक नवं येतंय, तर आपलंच एक परत येऊ दे की. नेहमीचा हेवा आता तरी सोड."

नेहमीचा हेवा! मी हसलेच. कारण आत्याचं खरं होतं. मी हेवेखोर होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा उपयोग होता. माझं जे होतं, ते मी एल्सीला देणार नव्हते.

मी त्या घराची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"नाही. घर नको. नाव देणार नाही, पोर देणार नाही. कॅरव्हॅनमध्ये राहीन, बुरशीत राहीन, नाहीतर हे गावच सोडून जाईन. ही माझी आहे. हिचं नाव मी ठेवेन आणि ते कुणाचंही जुनं नसेल. एल्सीला थंडी वाजत असेल, तर तुम्ही तिघं जा आणि तिच्याजवळ बसा."

पोटात लाथ बसली. जोरात, बरगडीखाली. मी टेबलाची कड धरली आणि रडू आवरलं.

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. आत्या टोमणा मारेल, बाबा मूठ आपटतील. तसं काही झालं नाही. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. सुया थांबल्या होत्या, आणि तिघांची नजर आईच्या मांडीवर होती. तो निळा स्वेटर, जो मघापर्यंत कोरडा होता, त्याच्या दोन्ही बाह्यांमधून खारं पाणी ठिबकत होतं. ते फरशीवरून हळूहळू माझ्या अनवाणी पावलांकडे येत होतं.