कुंभार, खुर्ची, जत्रा, जहाज

आजोबांनी चहात घालायला साखर मागितली, पण मागताना म्हणाले, "मीठ दे." काल त्यांनी चपलांना मोजे म्हटलं होतं, परवा चमच्याला सुरी. शलाकाला राहून राहून एकच कोडं पडायचं. आजोबा चुकतात ते चुकतात, पण साखरेला कधी छत्री का म्हणत नाहीत?

अकरा वर्षांची शलाका आई आणि आजोबांबरोबर देवगडच्या समुद्रात, पाण्याखाली बारा मीटरवर असलेल्या संशोधन केंद्रात राहत होती. हे केंद्र आजोबांनीच बांधलं होतं. चाळीस वर्षं जहाजांवर इंजिनियर म्हणून काढलेल्या या माणसाला केंद्रातला खिळा न् खिळा पाठ होता. पण तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली आणि त्यांना वाचाघात (वस्तू ओळखता येते, पण तिचं नाव सापडत नाही असा आजार) झाला. त्यांच्याकडून शब्दांचा सराव करून घ्यायला गुंडू आला. गुंडू म्हणजे थर्मासएवढा यंत्रमानव. मूर्ती लहान, पण बडबड महान.

त्या दुपारी आई वर बोटीवर होती. आजोबा चहाचा कप घेऊन वरच्या खोलीत गेले. खालच्या पंपघरात शलाका आणि गुंडू दोघंच उरले, तेव्हा तिनं त्याला आपलं कोडं घातलं.

"शब्द डोक्यात अ, आ, इ असे ओळीनं बसत नाहीत," गुंडू म्हणाला. "वाडीतल्या घरांसारखे बसतात. साखरेच्या शेजारी गूळ, मीठ, चहा. याला शब्दजाल (अर्थानं एकमेकांशी बांधलेल्या शब्दांचं जाळं) म्हणतात. आजोबा बरोबर वाडीत पोचतात, फक्त दार शेजारचं ठोठावतात."

"मग छत्री..."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत भिंतीतून फाडकन आवाज आला. मनगटाएवढा पाइप फुटला होता. समुद्राचं पाणी सोसाट्यानं आत घुसलं, दिवे गेले आणि जड पोलादी दार आपोआप बंद झालं. पाणी बाकीच्या केंद्रात शिरू नये म्हणून ते दार तसंच बनवलेलं होतं. आत येणारं पाणी थांबेपर्यंत ते उघडणार नव्हतं.

गुंडूच्या कपाळावरचा दिवा तेवढा लुकलुकत होता. त्याला उचलून शलाका चाचपडत भिंतीवरच्या टेलिफोनपाशी गेली आणि तिनं त्याला तिथल्या फळीवर ठेवलं.

"आजोबा! पाणी आलंय! काय करू?"

"हो, हो," आजोबा घाईघाईनं म्हणाले. "आई... बोट... येते." मग ते अडखळले. "तू... फिरव. ते फिरव. ते... अरे देवा!"

बोट लांबवर होती. आईला खाली यायला पाऊण तास तरी लागणार होता, आणि पाणी आताच घोट्याच्या वर चढलं होतं.

समोर भिंतभर दांडे, नळ आणि बटणं होती. "लाल दांडा फिरवू?"

"नाही! नाही!"

"हा नळ?"

"नाही! हात नको!" आजोबा ओरडले. चुकीचा नळ उघडला तर दुसरा पाइपही सुटेल हे त्यांना माहीत होतं. काय फिरवायचं तेही त्यांना माहीत होतं. फक्त त्याचं नाव तोंडात येत नव्हतं. "कुंभार," ते म्हणाले. "खुर्ची. जत्रा... जहाज!"

"कुंभाराजवळ माती, मडकं," गुंडू भराभर बोलू लागला. "खुर्चीजवळ टेबल. जत्रेजवळ खाजं, देऊळ. जहाजाजवळ नांगर. शलाका, या चार वाड्या वेगळ्या आहेत. मला एकही सामाईक घर सापडत नाही."

पाणी गुडघ्याला लागलं. शलाकाला रडू फुटलं. आजोबांचं डोकं आता कायमचंच भरकटलंय आणि आपण इथंच बुडणार, असं तिला वाटलं. पलीकडून आजोबा पुन्हा पुन्हा कळवळून तेच सांगत होते, "खुर्ची, बाय, खुर्ची! दवाखाना!"

दवाखाना? दवाखान्यातून आजोबा घरी आले ते व्हीलचेअरवरून. व्हीलचेअर... आणि जत्रेत जायंट व्हील! शलाकाचे हुंदके थांबले.

"गुंडू, मराठीत नको शोधूस! आजोबांनी जन्मभर इंजिनं इंग्रजीत दुरुस्त केली. कुंभार मडकं घडवतो ते व्हील. कप्तान जहाज वळवतो तेही व्हील. मराठीत चाक, पाळणा, सुकाणू, सगळ्यांची नावं वेगळी, पण इंग्रजीत या सगळ्यांचं घर एकच!" ती टेलिफोनमध्ये ओरडली, "आजोबा, व्हील का?"

"हो!" आजोबा ढसाढसा रडत होते. "हो, हो, हो!"

पण चाक होतं कुठं? भिंतीवर तर एकही नव्हतं.

"भिंतीच्या आत आहे?"

"नाही."

"खाली? जमिनीत?"

"हो!"

म्हणजे कमरेपर्यंत चढलेल्या पाण्याखाली. काळ्या पाण्याकडे बघून शलाका एक पाऊल मागे सरली. तिला पोहता येत होतं, पण अंधारात डोकं बुडवायची तिला लहानपणापासून धास्ती होती. गुंडूनं फळीवरून वाकून आपला दिवा अगदी पाण्याला टेकवला. "मी इथंच आहे," तो म्हणाला. एवढंच बोलून तो गप्प बसला, हे एक नवलच.

"घड्याळ!" आजोबा ओरडले. या वेळी तिनं काही विचारलं नाही. चाक घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवायचं, हे तिला समजलं होतं.

तिनं श्वास भरून घेतला आणि बुडी मारली. खारं पाणी डोळ्यांना झोंबलं. चाचपडताना हाताला जमिनीतल्या एका झाकणाची कडी लागली, झाकण निघालं. खाली ताटाएवढं चाक होतं, पण ते हलेना. ती वर आली, धापा टाकल्या आणि पुन्हा खाली गेली. तिसऱ्या बुडीत तिनं दोन्ही पाय भिंतीला लावून जीव खाऊन जोर केला, तेव्हा चाक करकरलं आणि फिरलं. एक फेरा, दोन फेरे, पाच.

ती वर आली तेव्हा पाइपातून नुसते थेंब पडत होते. जमिनीतल्या जाळीतून पाणी हळूहळू खालच्या टाकीत ओसरायला लागलं आणि बऱ्याच वेळानं दार उघडलं.

आजोबांनी तिला ओलीचिंब तशीच छातीशी धरलं. "इंदू," ते म्हणाले. ते त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव. त्यांनी मान हलवली. "वनिता." ते तर आईचं नाव. त्यांनी पुन्हा मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी सांगतो त्यांना," गुंडू पुढे सरसावला. "हिचं नाव..."

शलाकानं पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "वाडीत तर पोचलेत. येताहेत ते माझ्याकडेच."