‘हो ना?’ म्हणायची सवय

एकाच दाराच्या घंटीवर दोन बोटं एकदम गेली — एक तिचं, एक त्याचं.

दोघं इस्त्र्या बनवणाऱ्या एकाच कंपनीचे. ती नुकतीच लागलेली, म्हणून ओळख नव्हती. गिऱ्हाइकाला इस्त्रीत काय मोलाचं वाटतं, हे तिने मुलाखती घेऊन शोधायचं, त्याने प्रश्नावल्या भरून घेऊन. ज्याची पद्धत सरस ठरेल, त्याचीच नोकरी टिकणार, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

दार उघडणाऱ्या आजी म्हणाल्या, "जोडीने आलात? या."

तिला लाजल्यासारखं झालं. त्याने प्रश्नावलीत तोंड खुपसलं. आजी चौकटींवर खुणा करता करता तिला सांगत होत्या, इस्त्रीची मूठ तापते, बोटं भाजतात...

मग भुरभुरत्या पावसात दोघं एकाच छत्रीतून घरं पालथी घालू लागली. ती त्याला चौकटराव म्हणायची. तो म्हणायचा, माणसं तोंडावर गोड बोलतात, कागदाला खरं सांगतात. त्यावर तिचं म्हणणं, कागदाला कुठे कुणाचा उसासा ऐकू येतो!

निकाल मात्र जुळेनात. तिच्याकडे सगळ्यांना लांब वायर हवी, त्याच्याकडे हलकी इस्त्री. त्याने तिची रेकॉर्डिंग मागून नेली आणि साहेबांपुढे निकाल मांडायच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्या टेबलाशी आला.

"रागावू नका, पण... तुम्ही दर वेळी विचारता, ‘वायर लांब हवी, हो ना?’ तुमच्या त्या ‘हो ना’पुढे नाही म्हणवत नाही कुणाला." मग तो पुटपुटला, "मलाही नसतं म्हणवलं."

हेच तो उद्या साहेबांपुढे बोलला असता, तर नोकरी त्याचीच होती. तिने मनोमन हात जोडले — कुणाला, तिचं तिलाच कळेना.

बैठकीत तिने आपली चूक आपणच सांगितली. साहेब काही बोलणार, तोच तो उठला. आजींची बोटं भाजतात, हे विचारणारी चौकटच आपल्या प्रश्नावलीत नव्हती, म्हणाला. ते यांनी ऐकलं. आधी यांनी ऐकावं, मग मी मोजावं.

दोघांच्याही नोकऱ्या राहिल्या.

जिन्यात तो अडखळला. "माझ्याशी लग्न कराल, हो —"

"उत्तर सुचवायचं नाही," ती म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. "बरं... माझ्याबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"देवाचे उपकार वाटतात."

तो गोंधळला. "हे... कुठल्या चौकटीत धरू?"

तिने छत्री उघडून त्याच्या हाती दिली.

"होकाराच्या."