टिकारामचं इंजिन

सकाळी आठच्या सुमाराला भुवनेश्वरनं मुर्रीच्या तळ्यात बोट सोडली. हातभर लांबीची, दोन्ही बाजूंना पत्र्याची वल्हेचाकं, मध्ये पितळी बॉयलर आणि त्याखाली स्पिरिटचा दिवा. वाफ धरली तशी चाकं फिरू लागली. काठावर म्हशी धुणाऱ्यानं विचारलं, "कोनं बनवली जी?"

"मीच," भुवनेश्वर म्हणाला. म्हणताना त्याची मान खाली गेली.

बोटीचा सांगाडा तेवढा त्याचा. इंजिन टिकारामचं. वर्कशॉपात दोघं तीस वर्षं शेजारशेजारच्या लेथवर उभे राहिले होते. टिकाराम दवाखान्यात शेवटाला लागला, तेव्हा भुवनेश्वरनं त्याच्या बायकोला, सुलोचनाबाईंना, शब्द दिला होता, "वहिनी, दुपारी मी बसतो. तुमी घरी जाऊन दोन घास खाऊन या." तो गेलाच नाही. टिकारामच्या रिकाम्या घराच्या पडवीतून त्यानं इंजिन उचलून थैलीत घातलं. टिकाराम त्याच दुपारी गेला.

स्पिरिट संपलं, दिवा विझला. चाकं मात्र फिरतच राहिली.

त्यानं वाट पाहिली. अर्धा तास झाला. शेवटी बांबूनं बोट ओढून बॉयलरचा स्क्रू काढला. आत पाण्याचा थेंब नव्हता. बॉयलर भाजतही नव्हता; अंगाइतका कोमट होता. इंजिनाचा ठोकाही बदलला होता. दोन बारीक फुसकारे, मग लांब खंड. पुन्हा दोन.

ओल्या पँटनिशी तो तडक सुलोचनाबाईंकडे गेला. त्या ओसरीत तांदूळ निवडत होत्या. त्यानं बोट समोर ठेवली.

"वहिनी, हे टिकारामचं. त्या दिवशी मी दवाखान्यात नाई आलो. हे न्याले इथं आलतो."

वाकून त्यांनी इंजिनाला कान लावला.

"असाच श्वास चालू होता त्याहिचा," त्या म्हणाल्या. "दाराकडं पाहून राहिले होते. मी म्हनलं, भाऊजी येऊन राहिले."

भुवनेश्वरला वर पाहवेना.

"हे बंद नाई होऊन राहिलं, वहिनी."

"होते बंद. आता एक मोठा येते."

एक मोठा आला.

चाकं थांबली.

सुलोचनाबाईंनी पदराच्या टोकानं वाफेच्या नळीचं तोंड हलकेच पुसलं.

भुवनेश्वरनं इंजिनाला हात लावला. बॉयलर अजून कोमट होता. चाकं गार झाली होती, आणि तो गारवा हळूहळू आत सरकत होता.