शाल्मलीचे दोडके आणि बोटभर फट

चोवीस बिया पेरल्या, आठ दिवस झाले, आणि एकही उगवली नाही. शाल्मली गव्हाणे ट्रेच्या पारदर्शक झाकणाला नाक टेकवून बघत होती. आत काळी ओली माती, झाकणाला चिकटलेले पाण्याचे थेंब, आणि बाकी सगळा शुकशुकाट.

"पाणी मोजून घातलं, बरोबर. ऊब अठ्ठावीस अंश, बरोबर. बी बोटाच्या एका पेराएवढी खोल, तेही बरोबर," खुरप्याने आपली नोंद वाचून दाखवली. खुरप्या म्हणजे गव्हाण्यांच्या घरचा बागकाम करणारा यंत्रमानव. उंची गुडघ्याएवढी, पण ऐट डोंगराएवढी. "माझ्याकडून काहीही चूक नाही."

"मग उगवल्या का नाहीत रे शहाण्या?"

यावर खुरप्याने आपला हिरवा दिवा नुसता एकदा मिचकावला.

शाल्मली राहायची मंगळावर, गेरूवाडीत. ही वस्ती एका मोठ्या पारदर्शक घुमटाखाली होती. मंगळाचे वर्ष पृथ्वीच्या जवळजवळ दोन वर्षांएवढे, आणि उत्तर भागातला वसंत साडेसहा महिने चालणारा. हिवाळा सरून सूर्य वर चढू लागला की काचघर उघडायचे आणि आळीपाळीने काही घरांना भाजीपाल्याचा एकेक वाफा मिळायचा. यंदा पहिल्यांदाच गव्हाण्यांचा नंबर लागला होता. अट एकच होती. विसाव्या दिवशी बारा जिवंत रोपे दाखवायची. नाही दाखवली, तर त्या वाफ्यावर शेवाळाची टाकी बसणार, म्हणजे पुढचे अख्खे मंगळवर्ष पुन्हा शेवाळाचे थालीपीठ, शेवाळाचे पिठले आणि सणाच्या दिवशी शेवाळाची वडी!

शाल्मलीने तर वाफ्याचा नकाशासुद्धा काढला होता. गेरूवाडीत सूर्य दक्षिणेकडून तळपतो, म्हणून दोडक्याचा उंच मांडव उत्तरेच्या कडेला, त्याची सावली दुसऱ्या कुणावर पडू नये असा. पुढे मेथी, कारण ती बुटकी. मेथी थेट वाफ्यातच पेरता येते. दोडक्याला फळे धरायला वेळ लागतो, म्हणून त्याची रोपे आधीच ट्रेमध्ये करून ठेवायची.

आणि दोडकाच का? तर आजोबांसाठी. दाजीबा गव्हाण्यांनी एकोणीस वर्षे गेरूवाडीची हवा सांभाळली होती. पृथ्वी सोडल्यापासून त्यांना एकच गोष्ट आठवायची, दोडक्याच्या शिरांची चटणी. तीळ घालून खरपूस भाजलेली. तिचे नाव निघाले की आजोबा डोळे मिटून घ्यायचे, आणि शाल्मलीला ते बघवत नसे.

तिने झाकण उघडले. भप्पकन आंबूस वास आला. एक बी उकरून चिमटीत धरली तर ती पिचकलीच. चोवीसच्या चोवीस कुजल्या होत्या. आता उरल्या होत्या फक्त सोळा बिया आणि बारा दिवस.

रडू आवरत ती आईला शोधत स्वयंपाकघरात गेली. आई नव्हती. पण गरम पाण्याच्या नळीमागे काहीतरी लोंबत होते. ओल्या फडक्यात बांधलेले गाठोडे! शाल्मलीने हळूच गाठ सोडली आणि ती बघतच राहिली. वाटीभर मटकी, आणि दाण्यादाण्याला बोटाच्या पेराएवढे पांढरेशुभ्र मोड.

"हे काय आहे?" मागून आजोबांचा आवाज आला.

आणि नेमकी त्याच वेळी आई आत आली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. गेरूवाडीत ओली वस्तू उघडी ठेवायला सक्त मनाई होती. पाण्याचा थेंब आणि हवेचा घोट, दोन्ही इथे सोन्याच्या मोलाचे. म्हणून प्रत्येक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते, 'झाकण घट्ट, तर श्वास पक्का'. मुले शाळेचा डबासुद्धा दोनदा दाबून बंद करायची. आणि ते वाक्य लिहिणारे गृहस्थ म्हणजे खुद्द दाजीबा!

"बाबा, रागावू नका," आई म्हणाली. "डब्यात बंद करून ठेवली की मटकी नासते हो. दोनदा नासली. म्हणून आपलं हे चोरून..."

"डब्यात नासते?" शाल्मली ओरडलीच. "आई, थांब, थांब! पाणी तेच. ऊब तीच. मटकीसुद्धा बीच आहे. फरक एवढाच की तुझी मटकी फडक्यात होती, आणि माझ्या बिया घट्ट झाकणाखाली!"

आजोबा तडक आपल्या खोलीत जाऊन नोकरीतला जुना हवामापक (हवेत कोणता वायू किती आहे हे सांगणारे यंत्र) घेऊन आले. आधी त्यांनी तो खोलीतल्या हवेत धरला. शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन. मग बाहेर खुरप्याजवळच्या, शाल्मलीच्या दुसऱ्या ट्रेकडे वळले. त्यात बी नव्हती, पुढच्या पेरणीसाठी नुसती खतमाती भिजवून आठ दिवस बंद ठेवलेली होती. झाकण जरासे उचलून त्यांनी नळी आत सरकवली. आकडा उतरत गेला. पंधरा. बारा. नऊ.

"यात तर बियाच नाहीत! मग ऑक्सिजन खाल्ला कुणी?" शाल्मलीने विचारले.

"मातीतल्या सूक्ष्मजीवांनी (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवांनी). आणि तुझ्या ट्रेमध्ये तर त्यांच्या जोडीला चोवीस बिया होत्या."

"बिया? त्यांना कुठे नाक असतं?"

"नाक नसतं, पण श्वसन असतं (ऑक्सिजन वापरून अन्नातली शक्ती मोकळी करणं). आता असं बघ. बीच्या आत असतं चिमुकलं बाळरोप. त्याला पानं नाहीत, म्हणजे उन्हात स्वतःचं जेवण करता येत नाही. मग आईने डबा बांधून दिलेला असतो. तो डबा म्हणजे बीजदलं (बीच्या आतली अन्नाने भरलेली दोन जाड पानं). कोरडी बी गाढ झोपलेली असते, तिला श्वास अगदी नावाला पुरतो. पाणी लागलं की ती जागी होते, डबा उघडते आणि भराभर श्वास घ्यायला लागते. तेव्हा हवा मिळाली तर अंकुरण होतं (बीतून कोंब बाहेर येतो). नाही मिळाली तर..."

"ती गुदमरते," शाल्मली हळूच म्हणाली. "आणि पाणी जास्त झालं तर?"

"मातीतल्या हवेच्या बारीक जागा पाण्याने भरून जातात. तरीही गुदमरते."

आजोबा पाटावर बसले. "माणसांचा श्वास राखता राखता मी बियांचा कोंडला गं. चूक तुझी नाही, खुरप्याचीही नाही. भिंतीवर लिहिणाऱ्याची आहे."

"ते मी आधीच सांगत होतो," खुरप्या म्हणाला.

मग काय विचारता! सोळा बिया रात्रभर भिजल्या, आईच्या फडक्यात बांधल्या गेल्या आणि नळीजवळ राजरोस लोंबू लागल्या. चौथ्या दिवशी शाल्मलीने गाठ सोडली. चौदा बियांना कोंब! दोन तशाच राहिल्या, पण चौदा पुरेशा होत्या. तिने त्या भुसभुशीत मातीत अलगद रोवल्या आणि ट्रेचे झाकण बोटभर उघडे ठेवले. माती लवकर सुकायची, म्हणून खुरप्या कुरकुरत दिवसातून तीनदा पाणी फवारायचा. बिया भिजवल्यापासून सातव्या दिवशी माती जराशी उचलली गेली आणि कमानीसारखे वाकलेले एक हिरवे डोके बाहेर आले. संध्याकाळपर्यंत पाच, दुसऱ्या दिवशी अकरा. शाल्मली झोपेतसुद्धा मोजत होती.

विसाव्या दिवशी ट्रे काचघरातल्या वाफ्यापाशी मांडला गेला आणि काचघराच्या प्रमुख ऊर्मिलाताई टिळेकर तपासायला आल्या. शेवाळाची टाकी बाहेर गाडीवर तयारच होती. ऊर्मिलाताईंनी चष्मा सावरून बोटाने मोजायला सुरुवात केली. "दहा, अकरा, बारा..." त्या थांबल्या नाहीत. "तेरा, चौदा! अगं, चौदा? आणि सगळी टवटवीत!"

टाकीची गाडी आल्या पावली परत गेली. शाल्मलीने अशी काही उडी मारली की मंगळाच्या कमी ओढीमुळे ती थेट मांडवाच्या दोरीपर्यंत पोहोचली! आईने टाळ्या वाजवल्या आणि खुरप्याने गरागरा तीन गिरक्या घेतल्या.

"आजोबा, आता यांना पानं आलीत," खाली उतरल्यावर ती म्हणाली. "म्हणजे उन्हात ही स्वतः जेवण करणार?"

"करणार. आणि ते करताना आपल्याला ऑक्सिजन देणार."

"मग पुष्कळ रोपं लावली, डोंगरच्या डोंगर भरून, तर कधीतरी गेरूवाडीचंही झाकण उघडता येईल?"

"त्याला फार फार वर्षं लागतील. पण सुरुवात कुणीतरी करायलाच हवी ना? आधी दोडके तर लागू देत!" आजोबा हसले. खिशातून रंगाची कांडी काढून ते काचघराच्या भिंतीजवळ गेले. आपल्या जुन्या वाक्याखाली त्यांनी एक नवी ओळ लिहिली, 'बियांचं मात्र बोटभर उघडं'.

मग आयुष्यभर झाकणे घट्ट लावत आलेले दाजीबा शेजारच्या वाफ्यापाशी थांबले. तिथे कुणीतरी नुकत्याच पेरलेल्या मिरच्यांचा ट्रे ठेवला होता, नियमाप्रमाणे गच्च बंद. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्याचे झाकण स्वतःच्या हाताने बोटभर सरकवले.