पाळण्यातला वरवंटा

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही आईबाबांबरोबर परदेशात राहायला गेला आहात. तिथं भाड्यानं घर घेतलं आहे. घर छान आहे, पण बैठकीच्या खोलीत घरमालकांची एक वस्तू टांगलेली आहे. ती शोभेची आहे की पूजेची, हे तुम्हांला ठाऊक नाही. तिला हात लावावा की लावू नये?

आता इतकंच बदला, की तो परदेश म्हणजे आपलं लातूर आहे आणि तुम्ही एलिफ आहात. तुर्कस्तानातून आलेली, दहा वर्षांची.

एलिफचे वडील जुन्या भूकंपांचा अभ्यास करत. त्यांचे बहुतेक दिवस किल्लारीकडच्या शिवारात माती तपासण्यात जात. घरी एलिफ, तिची आई नेस्रिन आणि पाच महिन्यांचा भाऊ ओझान. घर डाळमिलच्या मागच्या गल्लीत होतं. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकू येई आणि खिडकीच्या गजांवर तुरीच्या टरफलांची भुकटी बसे.

घरमालकीण तारामतीबाई नांदेडला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. किल्ली द्यायला त्या आल्या, तेव्हा एलिफनं वर्षभर इथल्या शाळेत शिकलेलं मराठी त्यांच्यावर करून पाहिलं.

"लई गोड बोलती की!" त्या म्हणाल्या. "पण तुझं नाव माझ्या जिभेवर बसंना. मी आपली अलका म्हणणार."

"आजी, साबणाला आम्ही सबुन म्हणतो. हवा म्हणजे हवाच. आणि दुनिया म्हणजे दुनियाच."

"मग परकी कशाची गं तू?" आजी हसल्या. मग छताकडे बोट दाखवून त्यांचा आवाज बदलला. "देव मी संग नेले. बाकी काय बी हलवा. फक्त ह्याला काढू नका, अन् ह्याला रिकामं ठेवू नका. नांदेडच्या फ्लॅटात कडीच न्हाई, न्हाईतर ह्यो बी नेला असता."

तो सागवानी पाळणा होता, पितळी साखळ्यांचा. आत बाळ निजवावं तसा एक दगडी वरवंटा निजवला होता. त्याला लाल कुंची घातली होती आणि वरच्या टोकाला काजळानं दोन डोळे काढले होते.

एलिफनं सगळं आईला समजावून सांगितलं. नेस्रिननं मान हलवली. "आपल्याकडंही रिकामा पाळणा हलवत नाहीत," ती म्हणाली. पुढं रोज ती पाळण्याखालची फरशी पुसताना वाकून जाई, धक्का लागू नये म्हणून.

मग मे महिना आला. दुपारी वीज जाई. ओझानचं अंग घामोळ्यांनी भरलं, रडून रडून आवाज बसला. पाळणा दोन खिडक्यांच्या मधोमध होता; वारा असलाच तर तिथंच. एका दुपारी नेस्रिननं वरवंटा दोन्ही हातांनी उचलला, आपला सर्वांत चांगला भरतकामाचा रुमाल फडताळात अंथरला आणि त्यावर तो निजवला. "माफ कर," ती त्याला म्हणाली. ओझानला पाळण्यात ठेवलं. दुसऱ्या झोक्याला तो झोपला.

त्यानंतर तो रडेनासा झाला. घामोळं गेलं. नेस्रिनला हायसं वाटलं. मग तो दूध मागेनासाही झाला. एलिफनं तळहातात बोट दिलं तर मूठ मिटेना. डॉक्टर म्हणाले, वजन वाढतंय, काळजीचं कारण नाही. वजन खरंच वाढत होतं. उचलताना नेस्रिनला कमरेत वाकावं लागे. भर उन्हाळ्यात त्याची पाठ शहाबादी फरशीसारखी गार लागे.

फडताळात मुंग्या झाल्या होत्या. एलिफनं पाहिलं, तर रांग वरवंट्याच्या काजळी डोळ्यांखाली थांबत होती. तिथं ओलसर होतं. तिनं बोट लावलं. दगड कोमट होता. मे महिन्यात सगळंच कोमट असतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. बोटाला दुधाचा वास येत होता.

नेस्रिननं घाबरून वरवंटा पुन्हा पाळण्यात ठेवला आणि ओझानला मांडीवर घेतलं. काहीच बदललं नाही. तेव्हा एलिफनं नांदेडला फोन केला.

तारामतीबाई पहिल्या एसटीनं आल्या. त्या रागावल्या नाहीत. पाळण्याशी उभ्या राहून त्यांनी एवढंच विचारलं, "ह्याला कुणी उचललं होतं?"

मग त्यांनी ओझानच्या पायाला हात लावला आणि लगेच मागं घेतला.

"किल्लारीला माझ्या भावाच्या लेकराचं बारसं होतं," त्या खाली बसत म्हणाल्या. "मी आत्या. बारशात आधी वरवंटा पाळण्यात घालतात, मग बाळ. भावजयीनं आदल्या रात्रीच सजवून ठेवला होता. मी सकाळच्या गाडीनं निघणार होते. पहाटं भुई हलली. पाळणा सापडला. वरवंटा सापडला."

एलिफ वाक्यामागून वाक्य आईला सांगत होती. इथं ती थांबली. पुढचं वाक्य आजींनी उच्चारलंच नव्हतं, पण नेस्रिनला ते कळलं होतं. तिनं ओझानला घट्ट धरलं.

"कानात नाव सांगायचं राहून गेलं," आजी म्हणाल्या.

"मग नंतर का नाही सांगितलं?" एलिफनं विचारलं.

"सांगितलं की संपलं, पोरी. मला संपवायचं न्हवतं." त्या उठल्या. "आज सांगते. तुझ्या भावासाठी सांगते."

पंखा थांबला. गल्लीपलीकडची यंत्रंही थांबली. इतकी शांतता त्या घरात कधीच झाली नव्हती.

आजी पाळण्यावर वाकल्या. कुंचीच्या काठाशी ओठ नेले.

"विरूपाक्ष," त्या कुजबुजल्या. "कुर्रर्र."

नेस्रिनच्या मांडीवर ओझाननं मान वळवली.

तो आजींकडं पाहत होता. ओळखीच्या माणसानं हाक मारावी तसा. मग तो हसला, आणि हसता हसता त्यानं मोठ्यानं भोकाड पसरलं.

नेस्रिन रडू लागली, त्याचे मुके घेऊ लागली. "आला! माझा ओझान परत आला!" आजींनी पदर डोळ्यांना लावला. त्याचे पाय पुन्हा गरम झाले होते. मूठ मिटत होती.

तो कुठल्या नावाला वळला, हे फक्त एलिफच्या ध्यानात आलं होतं.

"अलका, साखर आण गं," आजी म्हणाल्या. "तोंड गोड करू."

एलिफ स्वयंपाकघराकडं गेली नाही. ती पाळण्याजवळ आली. कुंचीत वाकून तिनं हळूच आपल्या भावाचं नाव सांगितलं आणि कान लावला.

दगडाच्या आतून बसक्या आवाजातलं, ओळखीचं रडणं आलं.

मग, आईला हाक न मारता, तिनं दोन्ही हात पाळण्यात घातले.